घाटातलं ओव्हरस्पीडिंगचं चलन: भरायचं की कोर्टात लढायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून मुंबईला येताना एक्स्प्रेसवेच्या घाटात तुमच्या कारचा वेग ७८ नोंदला गेला, तिथली मर्यादा ६०. कोणी थांबवलं नाही. बावीस दिवसांनी वडिलांच्या मोबाईलवर २००० रुपयांच्या ई-चलनाचा मेसेज आला, कारण गाडी त्यांच्या नावावर आहे. चालवत तुम्ही होतात. तुमच्या आठवणीप्रमाणे वेग ६०-६५ च्या आसपास असावा. मित्र म्हणतो लोकअदालतीत निम्म्यात मिटव, ऑफिसातले म्हणतात भरून मोकळा हो. आणि तुम्ही विचारताय, कोर्टात गेलो तर जिंकेन का?

मावळ आणि रायगडच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कोर्टांत मी बरीच वर्षं वकिली करते आणि मोटार वाहन कायद्याचे खटले नेहमी चालवते. ‘जिंकेन का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, कारण अशा खटल्यात ‘मी वेगात नव्हतो’ हे तुमचं म्हणणं सगळ्यात शेवटी येतं. आधी बघायचं ते हे: ७८ हा आकडा कोणत्या यंत्राने मोजला, नेमका कोणत्या गाडीचा मोजला, कुठे मोजला, आणि हे सगळं सिद्ध करणारे कागद सरकार पक्षाकडे आहेत का. कागद पक्के असतील तर तुमच्या आठवणीला कोर्टात फारसं वजन नाही. कागद कच्चे असतील तर आठवणीची गरजच पडत नाही.

निर्णय होईपर्यंत पैसे भरू नका, हे सगळ्यात आधी. चलनाची रक्कम भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड. एकदा तडजोड झाली की प्रकरण संपलं; ‘निषेध नोंदवून भरले, आता लढतो’ असं चालत नाही. त्यातली एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, भरलेलं चलनसुद्धा पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजलं जातं. वेगमर्यादेच्या दुसऱ्या गुन्ह्यात लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. तेव्हा ‘दोन हजारांचा तर प्रश्न आहे’ हा हिशेब अपुरा आहे. स्वतःची कार अधूनमधून चालवणाऱ्याला त्याने फार फरक पडणार नाही, पण ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे त्याने चलन भरण्याआधी दहा वेळा विचार करावा. शिवाय ओव्हरस्पीडिंगसाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करावं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ पासून राज्यांना दिलेले आहेत. सगळीकडे ते सारखे राबवले जात नाहीत, पण कधी राबवले जातील हे आपल्या हातात नसतं.

आता फोटो. महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसिस वा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की चलनासोबतचे फोटो उघडतात. ते मोबाईलवर न बघता संगणकावर मोठे करून बघा. नंबरप्लेट तुमचीच आहे का? ८ चा बी किंवा शून्याचा डी असा गोंधळ यंत्राकडून होतो, आणि बनावट नंबरप्लेटच्या गाड्याही रस्त्यावर आहेत. रंग, मॉडेल, मागच्या काचेवरचं स्टिकर, बंपरवरचा पोचा हे सगळं जुळवून बघा. गाडीच तुमची नसेल तर कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. ॲपवर तक्रार नोंदवा, स्वतःच्या गाडीचे फोटो आणि आरसी जोडा. अशा तक्रारींवर चलनं रद्द होतात. फक्त चलनावर किंवा नोटिशीवर जी मुदत दिली असेल ती चुकवू नका. मुदतीत हरकत घेतली नाही तर चलन मान्य केलं असं धरण्याकडे नियमांचा कल वाढत चालला आहे.

गाडी तुमचीच असेल तर फोटोत आणखी तीन गोष्टी शोधा: यंत्र आणि गाडी यांच्यातलं अंतर, जागेचा किलोमीटर आकडा आणि चौकटीत दिसणाऱ्या इतर गाड्या. पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतल्या, वेग मोजणाऱ्या लेझर गनचा किरण तीनशे मीटरवर जवळपास मीटरभर रुंद झालेला असतो. सरळ रिकाम्या रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पण घाटात तिन्ही लेन भरलेल्या असताना तुमच्या शेजारून दुसरी कार पुढे निघालेली फोटोत दिसत असेल, तर ७८ कोणाचा हा प्रश्न रास्त ठरतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते इथेच. चौकटीत तुमची एकटीच गाडी असेल आणि अंतर शंभर-दीडशे मीटर असेल, तर हा मुद्दा सोडून द्या.

इथे एका लोकप्रिय बचावाचा निकाल लावते, कारण दर महिन्याला कोणीतरी तो घेऊन येतं: ‘गन तिरक्या कोनात धरली होती, म्हणून वेग चुकीचा आला.’ लेझर गन तिरकी धरली तर वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो, जास्त नाही. दहा अंशांच्या कोनात १०० चा ९८.५ दिसेल, वीस अंशांत ९४. म्हणजे कोनाचा फायदा आधीच चालकाला मिळालेला असतो. हा मुद्दा कोर्टात मांडलात तर समोरचा अधिकारी शांतपणे हेच सांगेल आणि तुमच्या बाकीच्या चांगल्या मुद्द्यांवरचा विश्वासही जाईल. खांबावर किंवा कमानीवर पक्क्या बसवलेल्या रडारचं गणित वेगळं असतं. त्यात बसवताना ठरवलेला कोन यंत्र स्वतःच हिशेबात धरतं, त्यामुळे तो बिघडला तर चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते. म्हणूनच यंत्राचं प्रमाणपत्र मागणं महत्त्वाचं.

एक्स्प्रेसवेवर सरासरी वेगही मोजला जातो: दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपायची, मधल्या अंतराला लागलेल्या वेळाने भागायचं. तुमचं चलन त्या प्रकारचं असेल तर दोन्ही ठिकाणच्या वेळा आणि मधलं अंतर मागा. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळलेली नसतील तर काय होतं ते आकड्यांतच बघा. ताशी १०० ने दोन किलोमीटरला ७२ सेकंद लागतात. घड्याळांत पाच सेकंदांचा फरक असेल तर यंत्र ६७ सेकंद धरतं आणि वेग १०७ च्या वर दाखवतं. पण अंतर बारा किलोमीटर असेल तर त्याच पाच सेकंदांनी वेग १०० चा जेमतेम १०१ होतो. म्हणजे छोट्या टप्प्यावर घड्याळाचा मुद्दा जोरकस आहे, लांब टप्प्यावर जवळपास निरर्थक.

कायदा काय मागतो ते आता पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे एखाद्या रस्त्यावर वेगळी, कमी मर्यादा लावायची असेल तर राजपत्रात अधिसूचना हवी आणि रस्त्यावर योग्य जागी फलकही हवा. दोन्ही हवेत. एक्स्प्रेसवेच्या घाटात कारसाठी वर्षानुवर्षे ५० ची मर्यादा होती, ती २०२४ मध्ये ६० झाली. तुमच्या चलनावर कोणती मर्यादा धरली आहे, त्या तारखेला लागू कोणती होती, आणि जिथे वेग मोजला तो भाग घाट म्हणून ठरवलेल्या किलोमीटरच्या आत येतो की सपाट, १०० च्या भागात, हे ताडून बघा. घाट संपता संपता नोंदलेल्या वेगाच्या बाबतीत हा प्रश्न खरोखर निर्णायक ठरू शकतो.

कलम १८३(३) म्हणतं की ‘माझ्या अंदाजाने गाडी वेगात होती’ एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर शिक्षा होऊ शकत नाही. त्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार हवा. म्हणून सगळा खटला त्या उपकरणावर येऊन उभा राहतो. उपकरणाबद्दल केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली नियम १६७-अ आला. त्यानुसार राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र यंत्राला असावं आणि दर वर्षी त्याचं नूतनीकरण व्हावं. कॅमेरा असलेल्या भागाआधी तशी सूचना देणारा फलक असावा. चलनात स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, जागा, लागू कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र असावं. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत द्यावी आणि प्रकरण मिटेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवावी.

यातल्या प्रमाणपत्राबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खटले बहुतेक इथेच ढासळतात. यंत्रातला मूळ डेटा कोर्टात आणता येत नाही, त्याची छापील प्रत येते. अशा प्रतीसोबत पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्र नसेल तर अशी प्रत पुराव्यात वाचता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात ठाम सांगितलं. वाद होता जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा, पण तो निकाल आज तुमच्या घाटातल्या फोटोलाही लागू आहे. मात्र घाई करू नका. प्रमाणपत्र खटला चालू असतानाही दाखल करता येतं आणि न्यायाधीश त्यासाठी सरकार पक्षाला तारीख देऊ शकतात. ‘चलनासोबत प्रमाणपत्र नव्हतं, सोडा मला’ असं पहिल्याच दिवशी म्हणून सुटका होईल ही अपेक्षा ठेवू नका.

आता तुमचे बावीस दिवस. इथे तुमच्याकडे चांगला मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम २०९ असं: वेगाच्या गुन्ह्यात जागेवरच ‘तुमच्यावर खटला होऊ शकतो’ अशी ताकीद दिलेली असावी, किंवा चौदा दिवसांच्या आत चालकाला वा नोंदणीकृत मालकाला नोटीस दिलेली किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवलेली असावी, किंवा अठ्ठावीस दिवसांच्या आत समन्स बजावलेलं असावं. यातलं काहीच झालं नसेल तर दोषी ठरवता येत नाही. अपवाद आहेत: मालकाचं नाव-पत्ता वाजवी प्रयत्नांनीही वेळेत मिळू शकला नसेल, किंवा उशीर आरोपीच्याच वागण्यामुळे झाला असेल. तुम्हाला कोणी थांबवलं नाही म्हणजे ताकीद नाही. मेसेज बावीस दिवसांनी आला म्हणजे चौदाही गेले आणि नियम १६७-अ चे पंधराही. पण वडिलांचा जुना मोबाईल नंबर आरटीओकडे नोंदलेला असेल आणि मेसेज आधीच तिकडे गेला असेल, तर हा मुद्दा कमकुवत होतो. एसएमएस म्हणजे रजिस्टर पोस्ट नव्हे हा युक्तिवाद मी करते, आणि तो ऐकणारा न्यायाधीश त्याकडे कसं बघेल यावर बरंच अवलंबून राहतं. काही न्यायाधीश कलमाचा शब्द न् शब्द पाळतात, काहींना इलेक्ट्रॉनिक नोटीस पुरेशी वाटते. त्यामुळे चलन कोणत्या तारखेला तयार झालं आणि मेसेज कोणत्या तारखेला आला, या दोन्हींचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

‘पोलिसांनी थांबवलंच नाही म्हणून चलन बेकायदा’ हे मात्र खरं नाही. न थांबवता यंत्राने नोंद घेणं कायद्याला मान्य आहे. थांबवलं नाही म्हणून नोटिशीची मुदत महत्त्वाची होते, एवढाच त्याचा उपयोग. आणि ‘साठ दिवसांनी चलन आपोआप रद्द होतं’ असा जो मेसेज फिरतो तोही खोटा. मुदतीचा खरा नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे: ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याचा खटला सहा महिन्यांत दाखल व्हायला हवा. मोजताना तक्रार दाखल झाल्याची तारीख धरतात, कोर्टाने दखल घेतल्याची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. उशीर माफ करण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. तरी वर्ष-दीड वर्ष पडून असलेल्या चलनावर अचानक समन्स आलं, तर पहिला अर्ज याच मुद्द्यावर द्यावा.

गाडी वडिलांची, चालवणारे तुम्ही. कलम १८३ ची शिक्षा चालवणाऱ्याला आहे. चलन मालकाच्या नावावर निघतं कारण यंत्राला फक्त नंबरप्लेट दिसते. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर चालक कोण हे सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. ‘आठवत नाही’ असं वडिलांना सांगायला लावू नका. त्यांनी खरं सांगावं आणि तुम्ही स्वतःच्या नावाने उभे राहा. वयस्कर माणसाला मुलासाठी कोर्टात उभं राहून अर्धवट बोलावं लागतं, हे बघायला मला फार त्रास होतो. (चालवणारा अठराच्या आतला असेल तर प्रकरण पूर्ण वेगळं आणि गंभीर आहे, तिथे पालकाला तुरुंगवासापर्यंतची तरतूद आहे. तसं असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून थेट वकील गाठा.)

स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून लोक फास्टॅगचं स्टेटमेंट आणतात. उपयोगी आहे, पण दुधारी. त्यात टोलनाक्यावर टॅग वाचल्याची वेळ आणि पैसे वळते झाल्याची वेळ वेगळी असू शकते; वाचल्याची वेळ घ्या. दोन नाक्यांमधली सरासरी ७० आली तरी घाटातल्या त्या क्षणी वेग ७८ नव्हता हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि मध्ये फूड मॉलला अर्धा तास थांबूनही सरासरी ८५ निघाली, तर हात दाखवून अवलक्षण. डॅशकॅमवर जीपीएस वेग नोंदला जात असेल तर तो जास्त चांगला पुरावा, पण त्यालाही कलम ६३ चं प्रमाणपत्र तुम्हालाच जोडावं लागेल. गाडीच्या स्पीडोमीटरबद्दल एक गोष्ट: तो सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. मूळ मापाचे टायर असताना मीटर ६५ दाखवत असेल तर खरा वेग ६५ च्या वर असण्याची शक्यता कमी. मोठ्या मापाचे टायर बसवले असतील तर मात्र हे उलटतं. तुम्ही बसवलेत का?

कोर्टात प्रत्यक्षात काय होतं? खटला जिथे गुन्हा घडला तिथल्या कोर्टात चालतो. घाटाचा वरचा भाग मावळ तालुक्यात म्हणजे वडगावच्या कोर्टाकडे, खालचा खालापूरकडे. तुम्ही पुण्यात राहता, त्यामुळे कोर्ट कोणतं हे चलनावरच्या किलोमीटर आकड्यावरून ठरतं आणि तुमच्या फेऱ्यांचा खर्चही. समन्सच्या दिवशी साडेदहाला हजर राहा. पुकारा झाला की पुढे जायचं. न्यायाधीश गुन्ह्याचा तपशील वाचून विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ इथे दोनच उत्तरं आहेत. ‘साहेब, थोडा वेग होता, पण रस्ता मोकळा होता,’ असं बोललात तर ती कबुली म्हणून लिहिली जाईल, लगेच दंड होईल आणि कबुलीनंतर अपिलाचा रस्ता जवळपास बंद. लढायचं ठरवलं असेल तर ‘कबूल नाही’ एवढंच म्हणायचं आणि गप्प राहायचं.

मग तारीख पडते. पुढे सरकार पक्षाचा साक्षीदार, म्हणजे यंत्र चालवणारा किंवा चलन तयार करणारा अधिकारी, येतो. उलटतपासात आवाज चढवायची गरज नसते. यंत्राचा अनुक्रमांक काय? त्या दिवशी लागू असलेलं मान्यता आणि तपासणी प्रमाणपत्र दाखवा. ते याच अनुक्रमांकाचं आहे का? वेगमर्यादेचा फलक मोजलेल्या जागेपासून किती अंतरावर? कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचा त्या यंत्रणेशी काय संबंध? शांतपणे एकेक कागद मागत गेलं की खटला उभा राहतो की नाही ते न्यायाधीशांना आपसूक दिसतं. तो अधिकारी आपलं काम करत असतो, त्याच्यावर खोटेपणाचा आरोप करू नका. कधी साक्षीदार बदली होऊन गेलेला असतो आणि तारखा लांबतात. प्रत्येक तारखेला जाणं शक्य नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज देता येतो.

हरलात तर? कारसाठी पहिल्या गुन्ह्याचा दंड कायद्यातच १००० ते २००० आहे. म्हणजे चलनापेक्षा जास्त दंड कोर्ट करू शकत नाही. जे जाईल ते वेळ, प्रवास आणि वकिलाची फी, आणि तडजोडीऐवजी दोषसिद्धीची नोंद होईल. जिंकलात तर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल महामार्ग पोलिसांना देऊन चलन यंत्रणेतून काढून घ्यावं लागतं. पाठपुरावा केला नाहीत तर ते तसंच राहतं आणि गाडी विकताना आडवं येतं.

लोकअदालतीबद्दल तुमच्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. रक्कम काही वेळा कमी होते आणि एका दिवसात मिटतं. पण ती तडजोडीची जागा आहे. तिथे यंत्राचं प्रमाणपत्र कोणी तपासत नाही आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही. चूक झाली आहे हे मान्य असेल तर जरूर जा.

तुमच्या जागी मी असते तर आज महामार्ग पोलिसांकडे दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाकला असता. त्यात फक्त चार गोष्टी मागा: त्या यंत्राचं त्या तारखेचं मान्यता व तपासणी प्रमाणपत्र, त्या किलोमीटरवरच्या वेगमर्यादेची अधिसूचना, फलकांची जागा आणि नोटीस पाठवल्याची नोंद. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, त्यामुळे त्याची वाट न बघता ॲपवर हरकतही लगेच नोंदवा आणि तीत बावीस दिवसांचा मुद्दा लिहा. उत्तरात सगळं चोख निघालं, फोटोत तुमची गाडी एकटी दिसली आणि नोटीस जुन्या नंबरवर वेळेत गेलेली आढळली, तर दोन हजार भरा. त्या उतारावर ब्रेक गरम झालेले ट्रक शेजारून जात असतात. ६० ची मर्यादा तिथे उगाच नाही. पण प्रमाणपत्राची तारीख उलटलेली असेल, किंवा नोटीस खरोखरच चौदा दिवसांनंतर निघालेली असेल, तर ‘कबूल नाही’ म्हणा. फोटोवरचं अंतर आणि किलोमीटर आकडा मला कळवा, कोणत्या कोर्टाची हद्द लागते ते सांगते.